कुंपणावरच्या करवंट्या

११ जानेवारी, रविवार. सकाळपासून तीळ भाजते आहे. माझ्या मेसचे डबे नांदगाव पेठच्या कारखान्यांत जातात, आणि संक्रांतीला प्रत्येक डब्यात दोन लाडू टाकायची माझी पद्धत आहे. तीळ भाजताना दुसरं काही करता येत नाही, नजर हटली की करपतात. नेमका तेव्हाच काकांचा फोन आला.

काका म्हणजे अकोल्याचे आमचे जुने घरमालक. ऐंशीच्या पुढे आहेत, आता पातूरला लेकीकडे असतात. फोनवर ते कोणाची तब्येत विचारत नाहीत आणि स्वतःची सांगत नाहीत.

"कोन कोन उभं हाय तुमच्या तिकडे?"

गुरुवारी आमच्याकडे महापालिकेचं मतदान आहे. प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं. मी एका उमेदवाराचं नाव सांगितलं. दुसऱ्या जागेवर चौकातल्या बिल्डरची बायको उभी आहे, तेही सांगितलं.

"बायको हे नाव होय का?"

"पत्रकावर असेल, काका. पाहिलं नाही अजून."

"मंग बाकीचे तीन बटनं डोळे मिटून दाबसान का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

तीळ थोडे करपलेच. ते बाजूला काढले, नवे टाकले, आणि हात चालू असताना डोक्यात काका चालू झाले.

यांची बदली अकोल्याला झाली तेव्हा आम्ही खोल्या शोधत होतो. घरमालक आधी आडनाव विचारतात आणि ते कशासाठी विचारतात हे सगळ्यांना माहीत असतं. काकांनी आडनाव विचारलं नाही. आम्हाला वर-खाली पाहून म्हणाले, "नाव कोन्या यादीत हाय?"

यांना वाटलं रेशनचं विचारतात. काकांना मतदारयादी म्हणायचं होतं. आमची नावं अमरावतीच्या यादीत होती.

"थे इकडे आना. अर्ज भरा, पावती दाखवा, मंग किल्ली."

"काका, आम्ही दोन-तीन वर्षं राहणार. पुन्हा बदली होईल."

"मंग पुन्हा अर्ज भरा. अर्जाले काय गाडीभाडं लागते का? ज्या गल्लीत भाडेकरू जास्त, त्या गल्लीत नाली येत नाई. काहून? भाडेकरूचं मत दुसऱ्या गावात. अथी त्याले कोन विचारते?"

माणूस विक्षिप्त दिसतो, पण खोल्या बऱ्या आहेत, असा हिशोब करून आम्ही अर्ज भरले. पावती पाहिल्यावरच त्यांनी किल्ली दिली.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारलेल्या. निवृत्तीनंतर माइक गेला, पण आवाज तोच राहिला. शेजारच्या घरात चहा मागितला तर तो चौकात ऐकू जायचा. ओसरीवर त्यांनी एक लांब लाकडी बाक ठेवलेला होता. स्थानकाची जुनी इमारत पाडली तेव्हा भंगारात निघालेला, तो काकांनी उचलून आणला. घरात खुर्च्या होत्या, पण मतं मागायला येणाऱ्याला खुर्ची मिळत नसे. त्याला बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि तीन प्रश्न विचारायचे.

"गाडी कुठं जाते? मार्ग कोनता? पोचते कधी?"

उमेदवार हसायचे. काका हसत नसत. एकाने सांगितलं, काका, प्रभागाचा सर्वांगीण विकास करणार. काका म्हणाले, "अशा नावाचं गाव आमच्या वेळापत्रकात नव्हतं. जवळचं एखादं सांगा." तो बिचारा रस्ता म्हणाला. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कोणत्या निधीतून, हे तीन वाक्यांत सांगता आलं तर चहा यायचा. माझ्या आठवणीत चहा फार कमी वेळा आला. पक्ष बदलून आलेल्यालाही ते पाणी देत, एवढंच विचारत, "पाटी बदलली का मार्ग बदलला?"

चिडचिडा माणूस नव्हता. राजकारण्यांना शिव्या घालणाऱ्यांच्यात तर ते बसतच नसत. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं की सगळे चोर आहेत, तर काका कप ठेवून उठायचे. "सारे चोर म्हनलं की एकाले पकडाचं काम वाचते," असं जाता जाता ऐकवायचे. कोणाला मत दिलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हाला कधी विचारलं नाही. मात्र मतदानाच्या दिवशी आम्ही घरी आल्यावर बोटाची शाई पाहिली.

त्रासदायक होतेच. एका लग्नात नगरसेवक जिलेबी खात होता, तर काका त्याच्या ताटाशेजारी जाऊन खांबावरचा दिवा कधी लागणार ते विचारत होते. त्याच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. काकांची लेक तेव्हापासून त्यांना कोणत्याही कार्याला एकटं सोडत नसे. काकू फार आधी गेल्या होत्या. मला वाटतं त्या असत्या तर यातलं निम्मं झालं नसतं.

आता करवंट्या. आमच्या भागात कुठेही भूमिपूजन निघालं की काका पहिल्या रांगेत उभे. नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं, फोटो व्हायचे, गाड्या जायच्या. मग काका खाली वाकून नारळाची करवंटी उचलायचे. घरी आणून घासायचे, तिला भोक पाडून तार घालायचे आणि ऑइलपेंटने वर कामाचं नाव लिहायचे. मग ती कुंपणाच्या तारेला टांगायची. काम झालं की करवंटी खाली यायची. तिच्यात माती भरून मिरचीचं रोप लावायचे आणि ज्याने काम केलं त्याला स्वतः नेऊन द्यायचे. काम झालं नाही, की ती तिथेच वाऱ्यावर हलत राहायची. दिलेली रोपं कमी आणि कुंपणावरच्या करवंट्या जास्त. मागच्या गल्लीतल्या नालीच्या तर तीन होत्या. एकाच नालीचं तीनदा भूमिपूजन.

ती नाली माझ्या दाराशी होती. आमच्या खोल्या मागच्या अंगाला, जमीन उताराची. अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळी गल्ली कपडे धुते, भांडी घासते, अंगण धुते, आणि ते सगळं पाणी जायला वाट नसल्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला येऊन लागायचं. मी तेव्हा नुकतीच डब्यांना सुरुवात केली होती. कॉलेजची मुलं डबे न्यायला मागच्या दाराशी यायची. नाकाला रुमाल लावून पोळ्या घेणारं गिऱ्हाईक किती दिवस टिकेल? दोघा-तिघांनी डबा बंद केला. कारण सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

आमच्या भागाची जागा महिलांसाठी राखीव होती. निवडून आलेली बाई तिशीची, माहेर तिवशाचं. पण गल्लीत फिरायचे तिचे यजमान, फोन उचलायचे तेच, नारळही तेच फोडायचे. लोक त्यांनाच नगरसेवक साहेब म्हणत. एकटे काका त्यांची ओळख वेगळी करून द्यायचे: "हे आपल्या नगरसेविकेचे मिस्टर." त्यांच्या तोंडावर, चारचौघांत, माइकच्या आवाजात.

नालीसाठी गल्लीतले सगळे यजमानांना भेटले. काका गेले नाहीत. मी कारण विचारलं.

"ताई, पास बाईच्या नावचा हाय. त्याच्यावर नवऱ्याले बसू देत नसतो आमी."

काका बाईंच्या घरी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा यजमानच बाहेर आले, मॅडम कामात आहेत म्हणाले, आणि काका आल्या पावली परत.

एक दिवस यजमान स्वतः आमच्याकडे आले. त्या करवंट्यांचा फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवला होता, त्यामुळे आले असावेत. मी मागे खराटा घेऊन पाणी लोटत होते, ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"काका, तुमच्या मागच्या कुंपणापासून मोठ्या नालीपर्यंत मी पाइप टाकून देतो. उद्याच माणसं पाठवतो. फक्त हे एवढं काढा ना. बरं दिसत नाही."

"अन् बाकीचे घरं?"

"त्यांचं पुढं पाहू."

"मंग माझंही पुढंच पाहा," काका म्हणाले.

यजमान निघून गेले. मी खराटा घेऊन तशीच ओसरीवर गेले.

"काका, पाणी तुमच्या ओसरीवर येत नाही, माझ्या चुलीपाशी येतं. 'माझंही' म्हणालात ते कोणाचं? मला विचारलंत?"

दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाणी साचवून तत्त्वं सांभाळणं सोपं असतं, असंही मी म्हणाले. आजही ते मला चुकीचं वाटत नाही. त्याच संध्याकाळी यांना सांगून टाकलं की दुसऱ्या खोल्या बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मागच्या दाराशी आले. एरवी मागे कधी यायचे नाहीत. साचलेल्या पाण्यात चपलेसकट उभे राहून त्यांनी उंबरा पाहिला, भिंतीवर चढलेली ओल पाहिली. मग म्हणाले, "ताई, तुमी हळदीकुंकू कधी करता?"

"मी करत नाही. मला वेळ नसतो."

"औंदा करा."

"कशाला?"

"तथी गडीमानसं येत नाई ना."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी खोल्या शोधणं आठवडाभर पुढे ढकललं.

नगरसेविकेच्या घरी आमंत्रण द्यायला मीच गेले. यजमानांनी दार उघडलं. हळदीकुंकवाचं आमंत्रण म्हटल्यावर त्यांना बायकोला हाक मारावीच लागली. समोरच्या आजी विधवा, त्यांनाही बोलावलं. कोणाला काही वाटलं असेल तर ते त्यांनी मनात ठेवलं. वाण म्हणून मी भांडी घासायच्या घासण्या आणल्या. स्वस्त आणि कामाची वस्तू.

त्या दिवशी नळ आला होता. तो दिवस आम्ही पाहूनच धरला होता.

यजमान गाडीतून बाईंना सोडायला आले आणि त्यांच्यामागोमाग आत येऊ लागले. "मॅडमना तुमची सगळ्यांची ओळख नाही, मी करून देतो."

काका बाकावरून उठले. "बायकायचं हाय, साहेब. आपलं काम अथी. बसा."

यजमान बसले. बाकाच्या बरोब्बर समोर कुंपण.

आत आम्ही दहा-बारा जणी. बाई काठापदराची साडी नेसून आल्या होत्या, अवघडून बसल्या. कोणीतरी नाव घ्यायचा आग्रह केला. त्यांनी तयारीचा उखाणा घेतला, नवऱ्याचं नाव घेतलं, सगळ्या हसल्या. समोरच्या आजी म्हणाल्या, "नवऱ्याचं आयकलं, माय. थे तर आमी रोजच आयकतो. आता तुहं सांग."

बाई गोंधळल्या. मग आपलं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. आजी म्हणाल्या, "हां. तुलेच मत देल्लं मी."

तेवढ्यात मागच्या दाराने वास आला. बाईंनी पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. मी म्हटलं, "राहू द्या, आम्ही रोज लावतो."

"पण ही नाली झाली आहे ना?" त्या म्हणाल्या. "मला तर झाली म्हणून सांगितलं."

"कोणी?"

त्यांनी ओसरीच्या दाराकडे पाहिलं. आणि तिथूनच बाहेरचं बोलणं आत आलं. काका म्हणत होते, "चष्मा कुठं ठेवला, सापडून नाई राहिला. साहेब, जरा वाचून दाखवता का? थे पहिली, डावीकडची."

मतं मागणाऱ्या माणसाला मतदाराचं ऐकायची सवय असते. यजमान वाचू लागले. "समाजमंदिर, पत्रे. चौकातला दिवा. मागची गल्ली, नाली."

"हां. पुढची?"

"मागची गल्ली, नाली. दुसऱ्यांदा."

"पुढची वाचा ना."

मग पुष्कळ हळू आवाजात, "मागची गल्ली, नाली. तिसऱ्यांदा."

बाई उठल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि मागच्या दारातून खाली उतरल्या. चप्पल पुढच्या दाराशी राहिली होती, अनवाणीच उतरल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. मी पायांवर पाणी घातलं. घासणी घेऊन जाताना म्हणाल्या, "उद्या मी येते. एकटी."

खरंच आल्या, स्कूटीवर. काकांनी त्यांना बाकावर बसवलं नाही, आतून खुर्ची आणली. दोघं बराच वेळ बोलत होते. पालिकेत कोणता कागद मागायचा, कोणाकडे मागायचा, सभेत प्रश्न कसा विचारायचा, हे काकांना सगळंच माहीत होतं असं नाही. काही गोष्टी दोघांनाही माहीत नव्हत्या. त्या विचारायला दोघं माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलमागून रिक्षाने वॉर्ड ऑफिसला गेले, कारण ऑफिस कुठे हलवलंय ते यांना ठाऊक होतं.

सभेत बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, असं तिथे गेलेला एक शेजारी सांगत होता. यजमान पंधरवडाभर गल्लीत फिरकले नाहीत. होळीनंतर खोदकाम सुरू झालं. नाली सरळ झाली नाही, एका वळणावर अजूनही तुंबते म्हणतात. पण माझ्या उंबऱ्याला लागणारं पाणी थांबलं. बंद झालेले डबे परत आले नाहीत, नवे आले.

काकांनी तिन्ही करवंट्या उतरवल्या, तिन्हींत मिरच्या लावल्या आणि पिशवीत उभ्या ठेवून बाईंच्या घरी नेल्या. मी बरोबर होते. दार यजमानांनीच उघडलं आणि घ्यायला हात पुढे केला. काकांनी पिशवी मागे घेतली. "मॅडमले बोलवा." बाई हात पुसत बाहेर येईपर्यंत ते उन्हात पायरीवर उभे राहिले. बाईंनी पिशवी घेतली. कोणी भाषण केलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ती जागा खुली झाली आणि तिकीट यजमानांनी घेतलं. काकांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मार्ग विचारला. चहा आला नाही. यजमान पडले. बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हे सगळं नीट संपलं असं मी म्हणणार नाही.

मग आमची अमरावतीला बदली झाली. निघताना काकांनी विचारलं, "नाव हलवलं का?" हलवलं होतं. मधली काही वर्षं ना अकोल्यात नगरसेवक होते, ना अमरावतीत. निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक कारभार पाहायचा. तेव्हा एकदा त्यांना फोन केला तर म्हणाले, "तार रिकामी हाय, ताई. विचाराचं कोनाले?" एवढ्या पडेल आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आज विचारायला माणसं पुन्हा दाराशी येऊन राहिली आहेत, आणि मला चारातलं एक नाव माहीत.

दुपारी लाडू वळून झाल्यावर पत्रकांचा गठ्ठा काढला. बिल्डरच्या बायकोचं पत्रक चकचकीत आहे. बिल्डरचा फोटो मोठा, बाईंचा कोपऱ्यात, नाव त्याखाली इतकं बारीक की तिळगुळाचा चिकट हात लागला आणि पुसलंच गेलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीवरचा ढापा फुटलेला आहे. माझा डबे नेणारा माणूस गेल्या महिन्यात त्यात सायकलसकट पडला. ढाप्याचं आश्वासन पत्रकात नाही, सर्वांगीण विकासाचं आहे.

१२ जानेवारी. सकाळी डबे रवाना केले आणि अंगणात चार खुर्च्या मांडल्या. दहाच्या सुमारास फेरी आली. बिल्डर पुढे हात जोडून, बाई मागे, बाकीचे घोषणा देत.

"या भाऊ, बसा," मी म्हटलं. "तुम्ही सगळे इथे बसा. चहा होतोय."

मग बाईंचा हात धरला, त्यांना आत आणलं, दार लावून घेतलं. लाडवांची ताटली पुढे सरकवली आणि म्हटलं, "हं. आता सांगा, तुमचं नाव काय?"